कॅम्परमधल्या दोन लिथियम बॅटऱ्या पॅरेललमध्ये : बॅटरी चांगली, जोडणी वैताग

"बॅटरी ओके आहे साहेब, तुमच्या गाडीतच काहीतरी" असं म्हणून दुकानदाराने पुन्हा परत पाठवलं, म्हणून आता लिहितोच. ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर (आत राहता-झोपता येईल असा), मागे १०० एएचच्या (अँपिअर-तास) दोन एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या पॅरेललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस), ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनाच्या अल्टरनेटरवरून या बॅटऱ्या बेताने भरणारा), टपावर सोलर.

सुरुवातीला जाम खूष होतो. फ्रिज रात्रभर, पंखा, लॅपटॉप, आणि शिशाच्या बॅटरीसारखं निम्म्यावर आलं की जीव टांगणीला नाही. मग पावसाळा आला, सोलर जवळजवळ शून्य, त्यात आमच्या पुणे-ताम्हिणी छाप छोट्या फेऱ्या. त्यानंतर कोकणात लांब निघालो तर मध्येच पुढच्या बॅटरीने चार्ज घेणंच बंद केलं! बॅटरीच्या ॲपमध्ये बघतो तर आतल्या चार सेलपैकी एक ३.६५ व्होल्टला आणि बाकीचे तीन ३.४० च्या आसपास, म्हणजे बीएमएसने (बॅटरीतलं राखणदार सर्किट) चार्जिंगचं दार लावलेलं. दुकानदार म्हणे पॅरेलल केलंत ना, वॉरंटी नाही. अहो, खोक्यातल्या कागदावर तुम्हीच छापलंय ना चार बॅटऱ्यांपर्यंत पॅरेलल चालतं म्हणून!

आता माझा खरा राग, ती वायर. बसवणाऱ्याने प्लस आणि मायनस दोन्ही पुढच्याच बॅटरीवरून काढलेले, मागची बिचारी बारीक जोडवायरीच्या पलीकडे. म्हणजे मागच्या बॅटरीच्या वाटेत जास्तीचा रेझिस्टन्स. डीसी क्लॅम्प मीटर मागून आणला (इलेक्ट्रिशियनकडचा साधा एसीवालाच असतो, तो इथे शून्य दाखवतो), तर पुढे १९ अँपिअर, मागे ११. प्लस पुढच्यावरून, मायनस मागच्यावरून, एवढंच करायचं होतं, एक रुपया जास्त लागत नाही. जोडवायरही जाड टाकून घेतली, आता १६ आणि १४.

पण खरं सांगायचं तर सेल बिघडायचं कारण वायर नव्हतं, हे नंतर कळलं. पुढची भरत आली की तिचा व्होल्टेज चढतो आणि करंट आपोआप मागच्या बॅटरीकडे वळतो, शेवटी दोघी बऱ्यापैकी बरोबरीला येतात. पण आमच्या त्या शेवटापर्यंत, म्हणजे पूर्ण चार्जपर्यंत पोचतच नव्हत्या, आणि अशा साध्या बीएमएसचं बॅलन्सिंग (सगळे सेल एका पातळीवर आणणं) सेलमागे साधारण ३.४-३.५ व्होल्टच्या पुढेच सुरू होतं. महिनोन् महिने अर्धवट चार्जिंग, सेल एकमेकांपासून सरकत गेले. वायरीवरचा राग तरीही कायम.

उपाय फुकटचा निघाला. दोन्ही सुट्या केल्या, एकेकीला घरच्या १४.४ व्होल्टच्या लिथियम चार्जरवर कमी करंटने पूर्ण भरलं, बराच वेळ तसंच लावून ठेवलं, मगच जोडल्या. नुसता व्होल्टेज बघून जोडू नका, १३.२ दाखवणारी बॅटरी निम्मी असेल नाहीतर चांगली वर असेल, मधल्या सगळ्या पट्ट्यात व्होल्टेज जवळजवळ सपाटच असतो. आणि डीसी-डीसीचे पैसे वाचवून थेट अल्टरनेटरला तर अजिबात नको, लिथियम मागेल तेवढं ओढते आणि घाटात ट्रॅफिकमध्ये इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर तापून जातो.

आता महिन्यातून एकदा शंभर टक्के भरतो, तक्रार नाही. बॅटरीला पाचपैकी चार. बसवणाऱ्याला अर्धा, तोही वायरीच्या टोकाचे लग नीट दाबून बसवलेत (क्रिंप) म्हणून. दुकानदाराला शून्य.