सीझियम-१३७ मोजायचे: सोडियम आयोडाइड की जर्मेनियम?

दूध, माती किंवा मासळीतले किरणोत्सारी सीझियम-१३७ त्याच्या ६६२ केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचे एकक) गॅमा किरणांवरून ओळखतात. हे किरण टिपणारा ३ × ३ इंचांचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक स्वस्त असतो, त्याला थंड करावे लागत नाही आणि तो गाडीतूनही नेता येतो. अडचण रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेचे किरण, वेगळ्या करण्याची. ६६२ केईव्हीला त्याचे शिखर (आलेखावरचा उंचवटा) सुमारे ४५ केईव्ही रुंद येते. मातीत नैसर्गिक बिस्मथ-२१४ असतेच. त्याची ६०९ची रेषा शेजारीच असल्याने पायथे एकमेकांत मिसळतात आणि थोडे सीझियम उगाच जास्त दिसते. सीझियम-१३४ची ६०५ची रेषा तर त्या ६०९मध्ये बुडूनच जाते. अणुभट्टीच्या अपघातानंतर नेमके तेच शोधायचे असते!

जर्मेनियमच्या स्फटिकाचे शिखर जेमतेम दीड-दोन केईव्हीचे, त्यामुळे तिन्ही रेषा सुट्या दिसतात. मात्र तो द्रव नायट्रोजनने किंवा विजेवरच्या शीतकाने थंड ठेवावा लागतो. गरम असताना उच्च विद्युतदाब दिला तर नुकसान होऊ शकते.

सोडियम आयोडाइडचे शिखर तापमानानुसार जागेवरून सरकते, म्हणून पोटॅशियम-४०च्या १४६१ केईव्हीच्या शिखरावर रोज खूण तपासावी. त्याच्या आवरणाला तडा गेला तर स्फटिक ओलावा शोषून पिवळा पडतो.

दोन्हींत सर्रास होणारी चूक एकच: पाण्यावर केलेले कॅलिब्रेशन (ज्ञात नमुन्यावरून मोजमाप जुळवणे) मातीला लावणे. घनता वेगळी, त्यामुळे नमुन्यातच शोषले जाणारे किरणही वेगळे.

दुधाच्या रोजच्या प्राथमिक तपासणीला सोडियम आयोडाइड पुरतो. मातीच्या अहवालावर सही करायची असेल तर जर्मेनियमच हवा.