पणजोबांच्या नावाचा खोटा उतारा आणि गेलेले 21,000 रुपये

मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला 2023 मध्ये शिंदे समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांना भाव आला. कचेऱ्यांच्या आवारात "नोंद काढून देतो" म्हणणारे उगवले. चुलतभावाला कुणबी जातीचा दाखला हवा होता, आणि बाबांना आपल्या आजोबांनी कुठली जमीन कसली ते एकदाचं कळायला हवं होतं. अशाच एकाने आमचे 21,000 रुपये लुबाडले. शोधाचे 3,500, जुन्या मोडी लिपीच्या वाचनाचे 6,000, नकलेचे 9,000 आणि "आतल्या माणसाचे" 2,500. दर वेळी यूपीआयचा नंबर वेगळा.

पहिल्याच भेटीत त्याने बाबांना बोलतं केलं. पणजोबा मानमोडीच्या साथीत, 1918 साली गेले, विहिरीजवळचा तुकडा सावकाराकडे गहाण होता, सगळं बाबांनी सांगितलं. पुढे "कोतवाल बुकात (गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) सापडलं" म्हणून त्याने हेच आम्हाला ऐकवलं. बाबांचे डोळे भरून आले. अशा वेळी कोण शंका घेतं?

मग 1915 चा म्हणून सरकारी शिक्क्याचा उतारा आला, आणि त्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये! 1915 साली आपल्याकडे एकर-गुंठे होते, हेक्टर कुठून आले? मी तेव्हाच विचारलं होतं. "ताई, नक्कल देताना नवीन मापात करून देतात," हे त्याने इतक्या सहज सांगितलं की पुढे बोलायला जागाच उरली नाही. व्यवहार तिथेच थांबायला हवा होता, हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. जुन्या नोंदीची नक्कल म्हणजे जसंच्या तसं. माप बदललं, तर ती नक्कलच नव्हे.

मोडीचा जो फोटो त्याने दिला होता तो नंतर एका जाणकारांना दाखवला. शिरोरेघ सलग, शब्द तोडलेले नाहीत, आमच्या घरात ते वाचणार कोण? त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, हा कर्जरोखा आहे, आणि गावही तुमचं नाही.

मोडीचं देवनागरी लिप्यंतर ओळीला ओळ मागा, नुसता सारांश घेऊ नका.

पोलीस ठाण्यात म्हणाले, तुम्ही स्वखुशीने पैसे दिलेत, हा दिवाणी मामला. खोटा सरकारी शिक्का दिवाणी कधीपासून झाला? अभिलेख कक्षात गेलो, तर "आम्ही दिलाच नाही तर आमच्याकडे कशाला आलात?" मूळ रजिस्टर दाखवा म्हटलं, तर जीर्ण आहे. साहेब मीटिंगला, लिपिक निवडणुकीच्या कामाला. हा माणूस त्यांच्याच दारात बसतो, शिपाई त्याच्याबरोबर चहा पितो, आणि ओळखत मात्र कोणीच नाही! सायबरच्या 1930 नंबरवर तक्रार नोंदवली, पुढे हालचाल शून्य. माणसं दाखल्यासाठी रांगा लावतात ते यांना दिसतं, दारातला दलाल दिसत नाही?

नोंद मागायला माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो. नकलेवर अर्जाची तारीख, फी, तयार करणाऱ्याची आणि रुजवात घेणाऱ्याची (मूळ नोंदीशी ताडून बघणाऱ्याची) सही बघा. पावती नाही तर पैसे नाहीत. आणि घरची माहिती आधी सांगूच नका, नोंद शोधणाऱ्याला काय सापडतं ते आधी त्याच्याकडून ऐका.

चुलतभावाने तो उतारा दाखल्याच्या अर्जाला जोडलाही होता. खोटा कागद सादर केला म्हणून गुन्हा आपल्यावरच येऊ शकतो, म्हणून लेखी देऊन तो परत घेतला. तुमच्या घरी असा कागद आला असेल तर मूळ रजिस्टरशी ताडून बघितल्याशिवाय कुठेही जोडू नका.