टँगचं क्वारंटाइन: कॉपर की दर तीन दिवसांनी टाकीबदल?

नवा टँग (सर्जनफिश, खाऱ्या पाण्यातला मासा) थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही, हे आता बहुतेकांना पटलेलं असतं. अडतं ते पुढे. क्वारंटाइनच्या टाकीत त्याला महिनाभर कॉपरमध्ये, म्हणजे तांब्याचं औषध घातलेल्या पाण्यात ठेवायचं, की औषध न देता दर तीन दिवसांनी टाकी बदलत राहायचं? मी कॉपर दोनदा वापरलं आहे, टाकीबदल चारदा. त्यावरून माझा कल लक्षात येईलच, पण दोन्ही पद्धती काम करतात हे आधीच सांगून ठेवतो.

टँगसाठी हा निर्णय जास्त जपून घ्यावा लागतो. हा दिवसभर चरणारा मासा. क्लाउनफिशला चार दिवस उपास घडला तरी तो सावरतो. टँगचं पोट मात्र लगेच खपाटीला जातं आणि डोक्यामागे खळगा दिसू लागतो. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन, टाकीत शिरला की आधी टँगच्याच अंगावर दिसतो. म्हणजे परजीवी तर जायला हवा, पण माशाचं चरणं थांबता कामा नये.

कॉपरची मोठी जमेची बाजू अशी की त्यात ठिपक्यांचा आजार आणि व्हेल्वेट हा दुसरा परजीवी आजार दोन्ही आटोक्यात येतात. चार-पाच मासे एकदम आणले असतील तर तेच सोपं पडतं. माशाच्या त्वचेत शिरलेल्या किंवा तळाशी कवचात बसलेल्या परजीवीला कॉपर काही करू शकत नाही. पाण्यात पोहत मासा शोधणारी त्याची पिल्लं तेवढी मरतात. म्हणून पातळी एक दिवसही खाली जाऊन चालत नाही. चिलेटेड (बांधलेलं) कॉपर असेल तर २ ते २.५ पीपीएम (दशलक्ष भागांत तेवढे भाग), आयनिक (मुक्त) असेल तर ०.५ च्या आसपास, आणि साधारण ३० दिवस. वाळू आणि खडक कॉपर शोषतात, त्यामुळे टाकीचा तळ मोकळाच ठेवायचा. इथवर मलाही काही अडचण आली नाही.

मला छळलं ते अमोनियाने. पिवळा टँग आणला तेव्हा स्पंज फिल्टर महिनाभर संपमध्ये (मोठ्या टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) मुरवून घेतला होता. तरीही कॉपर वाढवत नेलं तसा अमोनिया चढायला लागला. फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावले असावेत. एरवी अशा वेळी अमोनिया बांधणारं द्रावण घालून मोकळं होता येतं. कॉपरसोबत ते घालायचं नसतं, कारण त्याने कॉपरचं रूप बदलतं आणि ते माशाला जास्त विषारी होतं. मग राहतं पाणी बदलणं. बदललेल्या पाण्यात कॉपर मोजून घाला, ते मिसळल्यावर पुन्हा मोजा, अमोनिया पुन्हा बघा, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं परत. नवव्या दिवशी त्याने नोरी (क्लिपला लावलेलं वाळवलेलं समुद्री शेवाळ) सोडली. क्लिपजवळ यायचा, ओठ लावायचा आणि वळून निघून जायचा. पिवळा टँग रात्री फिकट होतो, अंगावर पांढरट आडवा पट्टा उमटतो, हे नेहमीचंच. पण एरवी दिवा लागल्यावर विरणारा तो पट्टा आता दुपारपर्यंत दिसायचा.

त्या दिवसांत सगळ्यात वाईट होतं ते कारण न कळणं. कॉपरने भूक मेली, अमोनियाने, की आजारानेच? तिन्हींचं लक्षण एकच, आणि उपाय एकमेकांच्या उलट. कॉपर कमी करावं तर परजीवी सुटतो, तसंच ठेवावं तर मासा खंगतो. कॉपरची पूर्ण पातळी चौदा दिवस टिकल्यावर, तीस दिवसांची वाट न बघता, मी त्याला दुसऱ्या खोलीतल्या कोरड्या करून नव्याने भरलेल्या टाकीत हलवलं. दुसऱ्या संध्याकाळी त्याने नोरीचा पहिला तुकडा ओढून काढला. तो मासा आजही माझ्याकडे आहे. पण शेवटी त्याच्या उपयोगी पडली ती स्वच्छ टाकी, हे माझ्या मनात बसलं.

टाकीबदलाचा सगळा आधार परजीवीच्या वेळापत्रकावर आहे. तो माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, मग बहुधा अंधारात गळून पडतो आणि तळाशी कवच करून बसतो. त्यातून नवी पिल्लं बाहेर पडायला सहसा तीन दिवसांहून जास्त लागतात. तोवर मासा दुसऱ्या टाकीत गेलेला असतो. पहिल्या दिवशी एका टाकीत, मग चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी पुढच्या. दोनच टाक्या आलटून पालटून पुरतात. रिकामी झालेली टाकी हीटर, एअरस्टोन आणि पाइपच्या तुकड्यांसकट धुऊन पूर्ण कोरडी करायची. मी दोन्ही टाक्यांत तीन मीटरचं अंतर ठेवतो, कारण शिंतोडेही धोक्याचे. ७२ तासांची मर्यादा मात्र काटेकोर पाळायची.

इथेही अमोनिया वाढतोच, कारण फिल्टर नसतो. पण बांधणारं द्रावण बिनधास्त घालता येतं आणि तिसऱ्या दिवशी ते पाणीच फेकून द्यायचं असतं. माझा कोले टँग या पद्धतीत एक दिवसही उपाशी राहिला नाही. त्याचे दात कंगव्यासारखे, खरवडून खायची सवय, आणि उघड्या काचेवर खरवडायला काहीच नाही. म्हणून भिजवून मळलेलं खाद्य पाणी भरण्याआधी काचेवर पातळ थापायचो. संध्याकाळपर्यंत त्यात त्याच्या ओठांचे गोल ठसे उमटलेले असायचे. अर्थात कोले मुळातच शांत मासा, आणि दोन माशांवरून नियम काढता येत नाही. पण नंतरच्या तिन्ही टँगनीही खाणं सोडलं नाही.

त्रास आहे तो पकडण्याचा. जाळी वापरू नका. शेपटीजवळचा काटा त्यात अडकतो आणि सोडवताना मासा आणि बोट दोन्ही जखमी होतात. पाणी खाली उतरवून त्याला प्लॅस्टिकच्या भोकाच्या डब्यात घ्यायचं आणि जुनं पाणी शक्य तितकं कमी न्यायचं. नव्या पाण्याचं तापमान आणि खारेपणा आधीच्या इतकाच हवा, खारेपणा वाढलेला तर अजिबात नको. दर तीन दिवसांनी घरी असणं शक्य नसेल तर या वाटेला न जाणं बरं; कॉपरची टाकी निदान मागे-पुढे एखादी वेळ सांभाळून घेते. मासा मोठा असेल तर हलवाहलव त्यालाही जड जाते. गिल फ्लूकवर (कल्ल्यांत चिकटणाऱ्या चपट्या कृमींवर) दोन्ही पद्धती भरवशाच्या नाहीत, पण टाकीबदलाच्या अधेमधे प्राझिक्वांटेल हे कृमींवरचं औषध सहज बसवता येतं.

आणि व्हेल्वेट. त्यापुढे टाकीबदल भरवशाचा नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. अंगावर धूळ शिंपडल्यासारखी झाक, जोरात हलणारे कल्ले, पंपाच्या धारेत तोंड करून लटकलेला मासा, असं काही दिसलं तर वाट बघत बसू नका. ज्या टाकीतून मासा आणला तिथले मासे भराभर मेले असतील तर लक्षणं दिसायच्या आधीच कॉपर सुरू करा. निरोगी दिसणारा, खाणारा, एकटा आणलेला टँग असेल तर मी टाकीबदलच करेन आणि नंतर दोन आठवडे नुसतं बघत राहीन. कॉपरची बाटली आणि मोजायचं मीटर मात्र त्या काळात हाताशीच असतं, आणि रोज सकाळी दिवा लावला की आधी माशाचे कल्ले बघतो.