नर्सची भेट की सहा आठवड्यांचा गट?

डॉक्टरांनी गोळ्यांसोबत ‘डायबेटिस एज्युकेशन’ही घ्या म्हणून सांगितलं, की इथे कॅलिफोर्नियात दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे दवाखान्यातल्या एज्युकेटर नर्सला एकट्याने भेटायचं. दुसरी म्हणजे केट लोरिग या संशोधिकेच्या पद्धतीचा, रुग्णांचाच सहा आठवड्यांचा गट. मी आधी पहिली वाट धरली, वर्षभराने दुसरी. गेल्या महिन्यात मेहुण्याला टाइप टू मधुमेह निघाला, त्याने हाच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नर्सच्या भेटीला नावं ठेवायला जागा नाही. शुगर तपासताना बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचायचं, हे मला त्या बाईंनीच शिकवलं आणि माझं रोजचं दुखणं निम्म्याने कमी झालं. एक तृतीयांश कप शिजलेला भात म्हणजे १५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), हेही तिथेच कप हातात घेऊन कळलं. घरी आमची पहिली वाढी किती कपांची होते ते मोजलं, तेव्हा बायको आणि मी दोघंही गप्प झालो.

अडचण होती ती दोन भेटींमधल्या तीन महिन्यांची. माझ्या बाबतीत निर्णय तिथेच झाला. ‘रोज अर्धा तास चाला’ असं ठरायचं, मी मान डोलवायचो, आणि पुढचे नव्वद दिवस कुणी विचारत नसे. त्यात गणपती आले. दीड दिवसांचे मोदक, पाठोपाठ ओळखीच्या चार घरची दर्शनं. सकाळची उपाशीपोटी शुगर सलग आठवडाभर १८०च्या वर. घाबरून दवाखान्याला मेसेज टाकला. चौथ्या दिवशी उत्तर आलं, पुढच्या भेटीत बोलू. पुढची भेट सात आठवड्यांवर होती. बाईंचा दोष नाही, त्यांच्याकडे रुग्णच तेवढे असतील. पण मला तेव्हा माणूस हवा होता.

लोरिग स्वतः नर्स. स्टॅनफर्डमध्ये त्यांनी आधी संधिवाताच्या रुग्णांसाठी असे वर्ग बांधले, पुढे मधुमेहासाठी. आठवड्यातून एकदा अडीच तास, एकूण १५ तास. चालवणारे दोघं प्रशिक्षण घेतलेले साधे लोक, आमच्याकडच्या दोघांनाही मधुमेह होता. सगळ्याचा कणा म्हणजे दर आठवड्याचा बेत: काय करणार, किती, कधी, आठवड्यातून किती दिवस. मग एक प्रश्न, ‘हे जमेल याची खात्री दहापैकी किती?’ मी अर्ध्या तासाच्या चालण्याला पाच म्हणालो. सातच्या खाली असेल तर बेत बदलायचा असतो. बदलत बदलत तो रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं, सोमवार-बुधवार-गुरुवार, एवढ्यावर आला आणि माझा आकडा आठ झाला. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगायचं असतं, झालं की नाही. नाही झालं तर कुणी रागावत नाही, काय आडवं आलं ते मिळून शोधतात. गटात माझ्या शेजारी बसणारे फिलिपिनो आजोबा भातावर आमच्याइतकेच जीव लावणारे. ते आधी भाजी संपवतात आणि मगच भात वाढून घेतात. ती सवय मी तिथून उचलली.

आकड्यांवर बोट ठेवणाऱ्यांसाठी: लोरिग यांचा ३४५ जणांवरचा अभ्यास २००९ साली आला. सहा महिन्यांनी गटातल्यांच्या एचबीएवनसीत (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या आकड्यात) इतरांपेक्षा फरक दिसला नाही. मुळात त्या लोकांचा आकडा फार चढलेला नव्हता. उदासी, शुगर उतरल्याची लक्षणं, लेबल वाचणं, डॉक्टरांशी बोलणं यांत मात्र सुधारणा होती. माझा स्वतःचा ७.९ वरून ७.१ वर आला, पण त्याच काळात गोळीही वाढली होती, त्यामुळे श्रेय कुणाचं ते छातीठोकपणे सांगणार नाही.

इन्सुलिन नुकतं सुरू झालं असेल, शुगर वरचेवर उतरत असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी नर्सकडेच जा. डोसचा प्रश्न गटात विचारला की ‘डॉक्टरांना विचारा’ हेच उत्तर मिळतं, आणि ते बरोबरच आहे. बाकी ज्यांना काय करायचं ते ठाऊक आहे पण हातून होत नाही, त्यांनी मला वाटतं गटात नाव घालावं. मेहुण्यालाही मी तेच सांगितलं. सहा आठवडे संपले की गट संपतो, ही त्याची खरी उणीव. आजोबा आणि मी दर रविवारी एकमेकांना फोन करून पुढच्या आठवड्याचा बेत सांगतो, दहापैकी किती ते धरून.