प्रशिक्षकाला ब्लॅक बेल्ट कोणी दिला, हे आधी विचारा

मुलांना कराटेच्या क्लासला घालणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. माझ्या मुलीची काही वर्षं अशा एका शाळेत गेली, जिथल्या मुख्य प्रशिक्षकाची जवळपास सगळी ओळख बनावट निघाली. तक्रार अजून चालू असल्याने शाळेचं नाव इथे देत नाही. पण फसवण्याची ही रीत त्या एका शाळेपुरती नाही, म्हणून सविस्तर सांगते.

माहितीपत्रकात सरांच्या नावापुढे 'सहावा दान' होतं (दान म्हणजे ब्लॅक बेल्टनंतर मोजली जाणारी श्रेणी; पहिला दान म्हणजेच पहिला ब्लॅक बेल्ट). खाली जपानमधलं प्रशिक्षण, आंतरराष्ट्रीय सुवर्णपदकं आणि 'ऑलिम्पिक मान्यताप्राप्त परीक्षक' अशी ओळ. प्रवेश घेतानाच मी विचारलं होतं की हा दान कोणत्या संस्थेचा. शोतोकान शैलीच्या एका जपानी संस्थेचं नाव त्यांनी लगेच सांगितलं आणि भिंतीवरची चौकट दाखवली. जपानी अक्षरं, लाल शिक्का, सही. ती अक्षरं वाचता येणारं आमच्यात कोणी नव्हतं, आणि याच गोष्टीवर तो सगळा व्यवहार उभा होता.

संशय पहिल्यांदा आला तो स्पर्धेच्या अर्जामुळे. मुलीला एका खुल्या स्पर्धेत उतरायचं होतं आणि अर्जात प्रशिक्षकाचा राष्ट्रीय महासंघाकडचा नोंदणी क्रमांक मागितला होता. सर म्हणाले, त्या महासंघात नुसतं राजकारण आहे, आपली संस्था त्याहून मोठी आहे. महासंघांमध्ये भांडणं असतात हे खरंच आहे, त्यामुळे हे उत्तर कोणालाही पटेल. पण मग त्यांच्या त्या मोठ्या संस्थेचा क्रमांक द्या म्हटल्यावर तोही मिळेना.

तेव्हा मी साधा हिशेब करून पाहिला. पहिला दान मिळायला नियमित सराव करणाऱ्याला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. त्यापुढे बहुतेक शैलींमध्ये दुसऱ्या दानसाठी किमान दोन वर्षं, तिसऱ्यासाठी आणखी तीन, चौथ्यासाठी चार, असा चढत जाणारा अवधी पाळला जातो. संस्थेगणिक थोडाफार फरक पडतो, काही ठिकाणी वयाचीही अट असते. या हिशेबाने पहिल्या दानपासून सहाव्यापर्यंत पोहोचायला २० वर्षं लागतात. आमचे सर मुलांना प्रेरणा म्हणून नेहमी सांगायचे की त्यांनी कराटे तेविसाव्या वर्षी सुरू केलं. त्यांचं वय तेव्हा चौतीस होतं. अकरा वर्षांत सहावा दान कसा बसवायचा?

मी त्या जपानी संस्थेला प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. उत्तर नम्र आणि स्पष्ट होतं: या नावाची नोंद आमच्याकडे नाही आणि आमचं प्रमाणपत्र असं दिसत नाही.

दान म्हणजे काय, हे त्यानंतर मी नीट समजून घेतलं. ही पद्धत मुळात ज्युदोची. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. कराटेत ती शोतोकान शैलीचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी आणली आणि १९२४ मध्ये सात जणांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले. ते सात जण कोण होते, हे आजही सांगता येतं. दान हा सुरुवातीपासून कोणीतरी कोणालातरी, एका ठरावीक दिवशी दिलेला असतो. त्यामुळे ज्याच्याकडे तो खरोखर आहे, त्याला परीक्षकाचं नाव, ठिकाण आणि वर्ष आठवायला कष्ट पडत नाहीत. आमच्या सरांना त्यांच्या परीक्षकाचं नाव दर वेळी वेगळं आठवायचं.

काळा पट्टा कोणीही विकत घेऊन बांधू शकतो, कोणीही संस्था काढून स्वतःलाच वरचा दान देऊ शकतो. 'शिहान', 'हान्शी' ही ज्येष्ठ गुरूंची पदं खरी आहेत, पण ती वरिष्ठ संस्थेने फार उशिरा द्यायची असतात. पत्रकावर छापली म्हणून ती मिळत नाहीत. 'ग्रँडमास्टर' तर जपानी परंपरेतलं पदच नव्हे.

कागद खोटा असला तरी शिकवणं चांगलं असेल, अशी आशा मी काही काळ धरून होते. ती दुसऱ्या डोजोत, म्हणजे कराटेच्या दुसऱ्या शाळेत, गेल्यावर संपली. तिथल्या वयस्कर सेन्सेईंनी (गुरूंनी) मुलीला पहिला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, करायला सांगितला: हेइआन शोदान. तिने सुरुवात केली आणि पहिल्याच हालचालीनंतर त्यांनी तिला हळूच थांबवलं. ती करत होती तो शोतोकानचा हेइआन शोदान नव्हताच.

हे थोडं सविस्तर सांगते, कारण यातच सगळं उघडं पडतं. हेइआन मालिकेतले हे पाच काता जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेगुरू अंको इतोसू यांनी 'पिनान' या नावाने शाळकरी मुलांसाठी बसवले. फुनाकोशींनी त्यांना 'हेइआन' म्हटलं आणि पहिल्या दोन कातांचा क्रम उलटा केला. शितो-र्यूसारख्या शैलींमध्ये जुनाच क्रम राहिला. म्हणून त्यांचा पिनान शोदान तो शोतोकानचा दुसरा काता. आमच्या मुलीला शोतोकानच्या नावाखाली पिनान शोदान शिकवला होता, तोही शितो-र्यूच्या नेको-आशी-दाची या पवित्र्यात, जिथे जवळपास सगळा भार मागच्या पायावर असतो आणि पुढचा पाय नुसता टेकलेला. शोतोकानमध्ये तिथे कोकुत्सू-दाची हा लांब पवित्रा असतो. शोतोकानच्या कोणत्याही डोजोत काही महिने काढलेल्या माणसाकडून ही गफलत होत नाही. सर व्हिडिओ पाहून शिकवत होते आणि व्हिडिओ कोणत्या शैलीचा आहे हेही त्यांना कळत नव्हतं.

तपकिरी पट्ट्याची माझी मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही. दर दोन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगला वेगळी फी, नवा पट्टा, टाळ्या. प्रत्येक पायरीवर तिने मनापासून मेहनत केली होती. तिची मेहनत खरी होती आणि तिला खोटं शिकवलं गेलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पदकांचंही तेच. 'आंतरराष्ट्रीय' नाव असलेली स्पर्धा कोणीही भरवू शकतो. जागतिक कराटे महासंघाच्या विश्वविजेतेपद स्पर्धा १९७० पासून होत आल्या आहेत आणि त्यांचे निकाल उघड असतात. सरांचं नाव त्यांत कुठेच नव्हतं. ऑलिम्पिकमध्ये कराटे आजवर एकदाच खेळलं गेलं, टोकियोत, ऑगस्ट २०२१ मध्ये. जागतिक महासंघाला ऑलिम्पिक समितीची मान्यता आहे, पण त्यावरून एखाद्या क्लासला किंवा व्यक्तीला 'ऑलिम्पिक मान्यता' मिळत नाही. पदक दाखवलं तर त्या गटात किती जण उतरले होते, हे विचारा. तीनच स्पर्धक असले की तिघेही पदक घेऊन घरी जातात.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत धोक्याची वाटते. पत्रकावर अनुभव सरांचा होता, पण लहान मुलांचा वर्ग घ्यायची तपकिरी पट्ट्याची दोन किशोरवयीन मुलं. कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीच्या सरावात, एका मुलाच्या डोक्याला जोराचा फटका बसला, तो गरगरतंय म्हणाला आणि त्याला पाणी देऊन पुन्हा उभं केलं गेलं. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी खेळ थांबवायचा आणि डॉक्टरांनी तपासल्याशिवाय परत उतरू द्यायचं नाही, हा प्रथमोपचाराचा साधा नियम आहे. तो त्या मुलांना कोणी शिकवलेलाच नव्हता. त्यांना मी दोष देत नाही, तीही फसलेलीच होती. सुदैवाने त्या मुलाला काही झालं नाही.

म्हणून चौकशी करताना माझ्या मुलाला प्रत्यक्ष कोण शिकवणार, हे विचारा. त्या व्यक्तीने लहान मुलांना किती वर्षं शिकवलं आहे, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं आहे का, तिचे स्वतःचे गुरू कोण आणि ती अजून त्यांच्याकडे सराव करते का, हेही विचारा. चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही. नव्या सेन्सेईंनी तर न विचारता आपल्या गुरूंचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक सांगितला. त्यांचा दान तिसरा आहे, आणि चाळीस वर्षांच्या सरावानंतर तो एवढाच का, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं: पुढच्या परीक्षेला ते बसलेच नाहीत. दानचा आकडा मोठा म्हणजे शिक्षक मोठा, हे समीकरण माझ्या डोक्यातून तिथे निघालं.

'ब्लॅक बेल्टची हमी' असा करार पुढे आला तर सही करू नका. आम्ही उरलेले पैसे मागितले तेव्हा त्याच करारातलं एक कलम दाखवून नकार मिळाला.

जे पालक आत्ता अशाच शाळेत अडकले असतील, त्यांनी भांडायच्या आधी कागद गोळा करावेत: पावत्या, ग्रेडिंगची प्रमाणपत्रं, माहितीपत्रक, जाहिरातींचे फोटो. माझं पत्र गेल्यानंतर काही दिवसांतच भिंतीवरची ती चौकट उतरली आणि पत्रकातली जपानची ओळ गायब झाली. जुन्या पत्रकाची प्रत माझ्याकडे होती, म्हणून तक्रार टिकली. ज्या संस्थेचं नाव वापरलं जातंय तिला थेट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. आमच्या वर्गातल्या आणखी काही पालकांनी आता तसंच लिहिलं आहे, त्यांच्या उत्तरांची वाट पाहतो आहोत.