समाजमाध्यमांनी देणग्या नाही, माणसं दिली : मोफत साधनांवर संस्था चालवतानाचा अनुभव

आमची संस्था लहान आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक मिळवून द्यायचे आणि त्यांच्या अभ्यासाची पुस्तकं आवाजात रेकॉर्ड करायची, ही आमची दोन कामं. पगारी माणूस एकच, बाकी सगळे नोकरी-शिक्षण सांभाळून येणारे स्वयंसेवक. गेले कित्येक महिने आमचा जवळपास सगळा कारभार मोफत ऑनलाइन साधनांवर चालतोय आणि समाजमाध्यमांवरही आम्ही नेमाने लिहितोय. एखादी छोटी संस्था या वाटेने जायचा विचार करत असेल तर तिला उपयोग व्हावा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. समाजमाध्यमांमधून आम्हाला पैसा फारसा मिळाला नाही. माणसं मात्र मिळाली. वाचायला आवाज मिळाले, पेपर लिहायला हात मिळाले. आणि ती माणसं टिकवायचं काम एका साध्या गूगल शीटने केलं.

लेखनिकाचं काम बाहेरून सोपं वाटतं. प्रत्यक्षात पेपरची तारीख, वेळ, केंद्र, माध्यम, विषय हे सगळं जुळावं लागतं. त्यात लेखनिकाचं शिक्षण त्या विषयातलं नसावं किंवा परीक्षार्थीपेक्षा कमी असावं, असे नियमही बऱ्याच परीक्षांना असतात. हे सगळं पूर्वी व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं. कोणीतरी मागणी टाकायचं, खाली "मी जाऊ शकते", "मीपण मोकळा आहे", चार अंगठे, मग दुसऱ्याच पेपरची चर्चा. तासाभरात मूळ मागणी वर कुठेतरी गडप झालेली असायची. रात्री विद्यार्थ्याचा फोन यायचा, "ताई, उद्या नक्की कोण येणार आहे?" आणि ग्रुप उलटा वाचत बसावं लागायचं.

आता मागणी गूगल फॉर्ममधून येते आणि थेट शीटमध्ये पडते. शीटमध्ये एक रकाना आहे, त्यात खाली उघडणाऱ्या यादीतून स्थिती निवडायची : मागणी आली, लेखनिक ठरला, दोघांचं बोलणं झालं, पेपर पार पडला. यातली तिसरी पायरी आमच्या एका जुन्या स्वयंसेविकेने सुचवली आणि सगळ्यात जास्त फरक तिनेच पडला. लेखनिक ठरला म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो. पण विद्यार्थी किती वेगाने सांगतो, प्रश्न एकदा वाचलेला पुरतो की दोनदा, विरामचिन्हं तो स्वतः सांगणार की लेखनिकाने घालायची, हे आदल्या दिवशी फोनवर बोलून ठरलं नसेल तर पेपरचा पहिला अर्धा तास त्यातच जातो. "बोलणं झालं" असं लिहिलेलं दिसेपर्यंत आता आम्ही ती ओळ सोडत नाही.

व्हॉट्सॲप आम्ही सोडलेलं नाही. कोणाला गाठायचं तर तेच. फक्त तिथे नोंदी ठेवत नाही, तिथून फॉर्मची लिंक देतो. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात हे खरं, पण इतक्या माणसांत कोणालाच हाक आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. आम्ही विषयवार छोटे ग्रुप केले आणि ते एका कम्युनिटीखाली, म्हणजे अनेक ग्रुप एकत्र ठेवणाऱ्या व्हॉट्सॲपच्या सोयीखाली, घेतले. ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) एक माहीत असू द्या : एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. नवीन स्वयंसेवक आला की "आमचा नंबर सेव्ह करा" हे आमचं पहिलं वाक्य असतं.

आता पोस्टबद्दल. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब अशा तीन ठिकाणी आम्ही असतो. सगळ्यात जास्त माणसं आणली ती एका मिनिटभराच्या व्हिडिओने. त्यात आमची एक वाचक भूमितीची आकृती आवाजात कशी सांगायची ते दाखवते. "समोर एक त्रिकोण आहे" म्हणून ती थांबत नाही. "तळाची रेघ आडवी आहे, तिच्या डाव्या टोकाला क, उजव्या टोकाला ख. दोन्ही टोकांपासून वर गेलेल्या रेघा ग ह्या बिंदूत मिळतात. ग पासून खाली एक तुटक रेघ येते आणि तळाच्या रेघेला काटकोनात मिळते, त्या बिंदूला घ म्हटलंय." एवढंच. ना संगीत, ना आवाहन. तो पाहून लोकांनी विचारलं, हे मला जमेल का, कुठे शिकायला मिळेल. "आम्हाला मदत करा" म्हणणाऱ्या आमच्या देखण्या पोस्टना असा प्रतिसाद कधी आला नाही. काम डोळ्यांसमोर दिसलं की माणूस त्यात स्वतःला बघायला लागतो, असं माझं मत झालंय.

मागणीही नेमकी लागते. "स्वयंसेवक हवेत" यापेक्षा "इतिहासाचा एक धडा रेकॉर्ड करायचा आहे, साधारण चाळीस मिनिटं लागतील, शांत खोली आणि मोबाइल पुरेल" याला हात वर येतात. धडा पूर्ण झाला की त्याच पोस्टखाली तसं लिहितो. हे न चुकता करा. आपल्या श्रमाचं पुढे काय झालं हे कळलेला माणूस दुसऱ्यांदा येतो.

नव्या संस्था व्हायरल व्हायच्या मागे लागतात आणि उदाहरण देतात २०१४च्या आइस बकेट चॅलेंजचं, ज्यात लोक बर्फाच्या पाण्याची बादली अंगावर ओतून घेत आणि त्याचे व्हिडिओ टाकत. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला त्या लाटेत सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले, हे खरंच. पण ती लाट संस्थेने आखलेली नव्हती, लोकांनी उचललेली होती. तशा लाटेवर वर्षाचं अंदाजपत्रक बेतता येत नाही.

इथे एका विषयावर थांबते, कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे आणि प्रत्येक संस्थेला लागू पडतो. आपण पोस्टर बनवतो, सगळा मजकूर चित्रात घालतो आणि ते चित्र सगळीकडे पाठवतो. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही. एका विद्यार्थ्याने मला सांगितलं, "ताई, अर्ध्या संस्थांच्या मेसेजमध्ये मला फक्त 'फोटो' एवढंच ऐकू येतं. कार्यक्रम होऊन गेल्यावर कळतं की तो माझ्यासाठीच होता." फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स या सगळ्यांवर चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारं, स्क्रीन रीडरला वाचता येणारं वर्णन) जोडायची सोय आहे आणि ती फुकट आहे. व्हॉट्सॲपवर आम्ही तारीख, वेळ, ठिकाण, संपर्क हे सगळं फोटोखाली मजकूर म्हणून पुन्हा लिहितो. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तसाच वाचता येणाऱ्या प्रमाण पद्धतीत. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी कागदावर छान छापून येतं, पण स्क्रीन रीडरला ते अर्थहीन अक्षरांचं कडबोळं वाटतं आणि गूगलच्या शोधातही ते सापडत नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफचीही तीच गत.

तुमचं पान कसं ऐकू येतं ते स्वतः ऐकून बघा. त्यासाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर विंडोजवर मोफत मिळतो. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी तो २००६मध्ये ऑस्ट्रेलियात बनवायला घेतला आणि आजही एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्थाच तो सांभाळते. मोफत साधन जगभरात किती आयुष्यं बदलू शकतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. अँड्रॉइडवर टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर हे स्क्रीन रीडर आधीपासूनच असतात. डोळे मिटून आपल्याच फॉर्मवर एक नोंद करून बघा, मग कोणते प्रश्न काढायचे ते वेगळं सांगावं लागणार नाही. आमच्या फॉर्ममधून आम्ही जाळीसारखे (ओळी-रकान्यांच्या तक्त्यात उत्तर निवडायचे) प्रश्न काढून टाकले, साधे एकाखाली एक ठेवले. फाइल जोडायला सांगणारा प्रश्नही काढला, कारण त्यासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं आणि तिथेच निम्मे लोक थांबतात.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे आवाज ध्वनिमुद्रित आणि संपादित करायचं सॉफ्टवेअर वापरतो. ते २००० सालापासून मोफत मिळतंय. वाचकांना एकच सांगतो : सुरुवातीला पाच सेकंद काही बोलू नका. त्या शांततेतला पंख्याचा आवाज नमुना म्हणून घेतला की पूर्ण धड्यातला गोंगाट कमी करता येतो. फाइल जातात गूगल ड्राइव्हवर. इथे कायद्याचा भाग येतो. माराकेश करार २०१३मध्ये झाला आणि २०१६पासून लागू आहे. तो मान्य केलेल्या देशांत दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करण्याची मुभा कायद्याने द्यावी लागते. ही मुभा त्यांच्यासाठीच आहे. म्हणून स्वामित्वहक्क असलेलं पुस्तक वाचून ते यूट्यूबवर सगळ्यांसाठी खुलं टाकायचं नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. आमचे धडे नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांच्याच ईमेलवर उघडतात. यूट्यूबवर जातं ते वाचकांचं प्रशिक्षण आणि आमचं स्वतःचं लिखाण.

संस्थांसाठीच्या खास योजनांचा फायदा जरूर घ्या, पण कागदपत्रं चोख ठेवा. नोंदणीपत्रावरचं नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः एक असावं लागतं. गूगल फॉर नॉनप्रॉफिट्समध्ये संस्थेच्या नावाच्या डोमेनवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) ईमेल आणि ड्राइव्ह मिळतं, पोस्टर वगैरे बनवायच्या कॅनव्हाचं सशुल्क रूप पात्र संस्थेच्या ५० जणांपर्यंत मोफत आहे. गूगल ॲड ग्रँट्सचा आकडा ऐकून सगळे चकित होतात : महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या जाहिराती. हे पैसे हातात येत नाहीत, शोधाच्या पानावर मजकुराच्या जाहिराती दाखवायला मिळतात. अटीही आहेत. जाहिरात दिसलेल्यांपैकी किमान ५ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक करावं लागतं, सलग दोन महिने तसं झालं नाही तर खातं बंद होऊ शकतं. एकाच शब्दाचे कीवर्डही (ज्या शोध-शब्दांवर जाहिरात दिसावी ते शब्द) काही अपवाद सोडता चालत नाहीत. आम्हाला याचा उपयोग झाला तो "परीक्षेसाठी लेखनिक कसा मिळवायचा" असं एक पान आमच्या संकेतस्थळावर लिहिल्यावर. ते शोधणारा माणूस खरोखर गरजू असतो आणि तो नेमक्या जागी येऊन पोचतो. मंजूर रकमेतला फार थोडा भाग खर्च होतो. त्याची खंत नाही. ज्यांना हवं त्यांना पान सापडतंय, तेवढं पुरे.

देणग्या आल्या त्या ईमेलमधून. महिन्यातून एक पत्र, त्यात एका पेपरची किंवा एका पुस्तकाची हकीकत, आणि खाली किती रक्कम कशासाठी हवी ते स्पष्ट शब्दांत. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पाठवता येतं, त्यामुळे यादी वाढली की पत्रांसाठी वेगळी सेवा घ्यावी लागते. मात्र मूळ यादी स्वतःकडे ठेवा. ईमेल गटांची सेवा याहू ग्रुप्स डिसेंबर २०२०मध्ये बंद झाली, ईमेल-पत्रांची सेवा टाइनीलेटर फेब्रुवारी २०२४मध्ये बंद झाली, तशाच मेलचिंप या सेवेची मोफत मर्यादा २००० संपर्कांवरून ५००वर आली. फुकट मिळणाऱ्या गोष्टीची मुदत आपल्या हातात नसते. आम्ही दर महिन्याला सगळ्या याद्या उतरवून घेतो आणि दोन ठिकाणी ठेवतो. मध्यंतरी एका समाजमाध्यमाने आमचं खातं कारण न सांगता गोठवलं, ऐन परीक्षांच्या दिवसांत. कितीही लिहिलं तरी उत्तर येईना. मनस्ताप झाला, पण एकही पेपर लेखनिकाविना गेला नाही, कारण माणसांचे नंबर आणि ईमेल आमच्या शीटमध्ये होते.

सुरक्षेचं थोडक्यात : प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण), प्रत्येक पानाला किमान दोन ॲडमिन, आणि रिकव्हरी कोड (खातं अडकलं तर ते परत उघडायचे कोड) कागदावर छापून कपाटात. संस्था सोडणाऱ्या स्वयंसेवकाचा प्रवेश त्याच दिवशी काढायचा, त्यात राग-रुसवा मानायचं कारण नाही. विद्यार्थ्यांच्या अपंगत्वाची माहिती असलेली शीट "लिंक असलेल्या कोणालाही" खुली ठेवणं मी गुन्हाच समजते. आणि फोटो काढण्याआधी परवानगी, तीही नीट समजावून. ज्याला तो फोटो दिसणार नाही, त्याला त्यात काय दिसतंय आणि तो कुठे जाणार आहे हे शब्दांत सांगायला हवं. परीक्षा केंद्राबाहेर काठी धरून उभ्या मुलाचा केविलवाणा फोटो आम्ही लावत नाही. त्याने लाइक वाढतील, पण तो मुलगा पुन्हा आमच्याकडे का यावा?

आता खर्चाचं. साधनं मोफत असली तरी डोमेनचं वार्षिक शुल्क आहे, दोन बरे मायक्रोफोन घेतले, इंटरनेट आहे. सगळ्यात मोठा खर्च वेळेचा. शीट रोज कोणीतरी बघावीच लागते, परीक्षांच्या काळात दिवसातून तीनदा. त्यासाठी आम्ही पाळ्या लावल्या आहेत आणि समाजमाध्यमांचा वेळ त्यातूनच कापला. पूर्वी रोज पोस्ट टाकायचो, आता आठवड्याला दोन टाकतो. नवे स्वयंसेवक येण्यात त्याने काही फरक पडलेला नाही.