चोवीस तास नर्स म्हणून पैसे घेतले, नर्स नव्हतीच. फिट येणाऱ्या मुलाला समर कॅम्पला पाठवण्याआधी वाचा

माझा मुलगा दहा वर्षांचा, सहाव्या वर्षापासून फिट येतात, बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवतो, फिटवरची लेव्हेटिरासेटमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू, आणि गेल्या मे महिन्यापर्यंत सलग आठ महिने एकही फिट नव्हती म्हणून वर्गातली सगळी मुलं जातायत तर यालाही जाऊ दे असं वाटलं. डॉक्टर हो म्हणाले, फक्त गोळी चुकवायची नाही, जागरण नको आणि पाण्यात एकटा सोडायचा नाही एवढं बजावलं.

कॅम्प काणकोणला, पाच दिवस, साडेआठ हजार. फोनवर मी सगळ्यात आधी अपस्मारच (फिटचा आजार) सांगितला. कॅम्पचा मालक म्हणाला, "मॅडम, भिवपाची गरज ना (घाबरायची गरज नाही), ट्रेन्ड नर्स चोवीस तास आहे, डॉक्टर ऑन कॉल आहे," फक्त अशा मुलांचा मेडिकल चार्ज अडीच हजार वेगळा. मी लगेच जीपे केले. आता सारखं एकच डाचतं, त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. फिट कशी येते, किती वेळ चालते, शेवटची कधी आली, काही म्हणजे काही नाही.

निघताना पाऊच दिला, त्यात गोळ्यांची नवी स्ट्रिप, फिट थांबवायचा मिडाझोलमचा नाकातला स्प्रे आणि माझ्या हाताने लिहिलेला कागद, पाच मिनिटांच्या वर गेली तर स्प्रे मारा आणि १०८ ला फोन करा, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला, तोही स्वयंपाकघरात भाजी चिरणाऱ्या बाईचा, स्वतःच्या मोबाईलवरून, रडत होती बिचारी. तीच त्यांची नर्स! आदल्या रात्री शेकोटी एक वाजेपर्यंत चालली होती, आणि नाश्त्याला बसल्या बसल्या याला फिट आली. कोणी हातपाय दाबून धरले, कोणी चप्पल हुंगवली, एकाने दातांत चमचा घातला, पुढच्या दाताचा टवका उडाला. पाऊच मालकाच्या गाडीच्या डिकीत आणि मालक सामान आणायला मडगावला. फिट आपोआप थांबली हे नशीब. नंतर डॉक्टरांनी विचारलं किती वेळ चालली, तर कोणी घड्याळच बघितलं नव्हतं.

घरी येऊन मी स्ट्रिप मोजली. तोपर्यंत पाच गोळ्या जायला हव्या होत्या, दोनच गेलेल्या. ती दोन रिकामी घरं बघून मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले.

पैसे परत मागितले तर मालक म्हणतो तुम्ही आजार लपवला. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर मी सगळं लिहिलं होतं, त्याच्याकडच्या कॉपीत ते पानच नाही, आणि मी फोटो काढला नव्हता, बोलणं सगळं तोंडी. हातात फक्त जीपेची एंट्री. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीय. तुम्ही प्लीज फॉर्मच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, नर्स आहे हे त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, नर्सशी स्वतः बोला, औषध कोणाच्या खिशात राहणार ते माणूस दाखवून घ्या.

यंदा फोंड्यातच एका ठिकाणी विचारलं. तिथल्या मॅडमनी अर्धा तास मलाच प्रश्न विचारले, ताप आला की येते का, झोपेत येते का, डॉक्टरांचं लेखी द्या, आणि शेवटी म्हणाल्या रात्रीचा मुक्काम आम्हाला जमणार नाही, दिवसाला पाठवा, नदीवर नेणार तेव्हा तुम्ही या. ते "जमणार नाही" ऐकून मला जो धीर आला तो त्या "भिवपाची गरज ना"ने कधीच आला नव्हता, तेव्हा नुसता धीर आल्यासारखं वाटलं होतं.

परवा काणकोणच्या कॅम्पची यंदाची जाहिरात आली, तोच फोटो, खाली तीच ओळ, चोवीस तास नर्स. फोटोत दुसऱ्या रांगेत माझा मुलगा आहे.